युरोपात माणूस नेमताना कंपनीवर काय येते: बदललेले परवान्याचे आणि कामगारांचे कायदे

हिंजवडीतील किंवा भोसरीतील एखादी कंपनी आपला इंजिनिअर स्टुटगार्टला पाठवते, तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच दिवसाकडे लागलेले असतात. पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर चिकटून येते, तो हा दिवस. ते आले की पेढे वाटले जातात, तिकीट काढले जाते आणि फाइल कपाटात जाते. अशा फाइली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि बहुतेक अडचणींचे मूळ मला याच क्षणी सापडले आहे. युरोपीय संघाने आणि जर्मनीसारख्या त्याच्या सदस्य देशांनी अलीकडच्या काळात जे कायदे बदलले, ते एकत्र वाचले तर त्यांतून दोन गोष्टी निघतात. परवान्यात लिहिलेला पगार, हुद्दा, कामाचे ठिकाण आणि मालकाचे नाव हे सारे तो माणूस कामावर असेपर्यंत खरे राहील, हे पाहणे आता कंपनीचे काम आहे. आणि त्याच वेळी त्या माणसाला ती कंपनी सोडून जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. हा लेख मुख्यतः जर्मनीच्या उदाहरणावर लिहिला आहे, कारण महाराष्ट्राचा त्या देशाशी थेट संबंध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले.

आधी एक मूलभूत गोष्ट सांगायला हवी. युरोपीय संघ मुख्यतः दोन प्रकारचे कायदे करतो. एक प्रकार सर्व सदस्य देशांत जसाच्या तसा लागू होतो. दुसऱ्याला डायरेक्टिव्ह म्हणतात. आपण त्याला निर्देश म्हणू. निर्देशात काय साधायचे ते ठरलेले असते आणि दिलेल्या मुदतीत प्रत्येक देशाने त्यासाठी स्वतःचा कायदा करायचा असतो. नोकरी आणि स्थलांतर यांविषयीचे बहुतेक नियम या दुसऱ्या प्रकारातले आहेत. त्यामुळे ‘युरोपचे वर्क परमिट’ असे काही अस्तित्वात नाही. परवाना जर्मनीचा असतो, फ्रान्सचा असतो, नेदरलँड्सचा असतो. सांगाडा एक, पण पगाराचा आकडा, अर्ज करण्याचे कार्यालय आणि चुकल्यास होणारा दंड प्रत्येक देशात निराळा. डेन्मार्क आणि आयर्लंड हे संघाचे सदस्य असूनही ब्लू कार्डाच्या, म्हणजे पदवीधर आणि तज्ज्ञांसाठीच्या परवान्याच्या, व्यवस्थेत नाहीत, तर स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मुळात संघाबाहेर आहेत. जर्मनीसाठी तयार केलेली फाइल नावे बदलून दुसऱ्या देशासाठी वापरण्याची सवय म्हणूनच महागात पडते.

भारतातून माणूस जर्मनीत कामाला जातो तो साधारण तीन वाटांनी, आणि कोणती वाट धरली यावर कंपनीची पुढची सगळी जबाबदारी ठरते. पहिल्या वाटेत जर्मन कंपनीच, किंवा पुण्याच्या कंपनीची जर्मनीत नोंदलेली शाखाकंपनी, त्याला थेट नोकरीवर घेते. दुसऱ्या वाटेत भारतातील नोकरी कायम ठेवून त्याची बदली त्याच समूहातील जर्मन कंपनीत होते. तिसऱ्या वाटेत तो भारतीय कंपनीचाच कर्मचारी राहतो, पण बसतो जर्मन क्लायंटच्या कार्यालयात. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘ऑनसाइट’ म्हणतात ती हीच.

पहिल्या वाटेवरचा सर्वांत परिचित परवाना म्हणजे ब्लू कार्ड. पदवीधर आणि तज्ज्ञ लोकांसाठी ते २००९ च्या निर्देशाने आले. त्याच्या जागी २०२१ चा नवा निर्देश आला आणि देशांना तो आपल्या कायद्यात उतरवण्यासाठी १८ नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. नव्या नियमांत पुष्कळ गोष्टी सैल झाल्या. पूर्वी किमान एका वर्षाचा नोकरीचा करार लागत असे, आता सहा महिन्यांचा पुरतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात पदवी नसली तरी मागील सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असेल तर कार्ड मिळू शकते. जर्मनीने आपल्या कायद्यात पगाराची मर्यादाही खाली आणली. पण ही मर्यादा एकदाच ठरून तशीच राहत नाही आणि कंपन्यांचा हिशेब चुकतो तो इथे.

जर्मनीत वार्षिक पगाराच्या ज्या कमाल मर्यादेपर्यंत पेन्शन विम्याची वर्गणी घेतली जाते, तिच्या ठरावीक टक्क्यांना ब्लू कार्डासाठी लागणारा किमान पगार बांधलेला आहे आणि ती मर्यादा दर वर्षी १ जानेवारीला बदलते. सर्वसाधारण व्यवसायांसाठी हा आकडा २०२४ मध्ये वर्षाला ४५,३०० युरो होता, २०२५ मध्ये ४८,३०० झाला आणि २०२६ साठी ५०,७०० आहे. ज्या व्यवसायांत माणसे कमी पडतात त्यांच्यासाठी, तसेच नुकतेच पदवीधर झालेल्यांसाठी, २०२६ चा आकडा ४५,९३४ युरो २० सेंट आहे. आता समजा, एका कंपनीने २०२४ मध्ये सर्वसाधारण व्यवसायातील एका माणसाला मर्यादेच्या अगदी काठावर, ४५,३०० युरोंवर घेतले आणि दोन वर्षांचा करार केला. २०२६ मध्ये कार्डाचे नूतनीकरण करताना अर्जाच्या वेळची मर्यादा पाहिली जाते. दोन वर्षांत ती ५,४०० युरोंनी, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी वर गेली आहे. त्या माणसाला दर वर्षी चार-पाच टक्क्यांची नेहमीची वाढ मिळाली असेल, तर कामात काहीही उणे नसताना त्याचा पगार मर्यादेखाली गेलेला असतो. ज्या कंपन्या पगाराचे बजेट मार्चमध्ये ठरवतात आणि जानेवारीत बदललेला आकडा पाहत नाहीत, त्यांना हे नूतनीकरणाच्या अर्जावर कळते.

पगार कशाला म्हणायचे, याबाबतही आपल्या सवयी आड येतात. आपल्याकडे ऑफर लेटरवर सीटीसी लिहिण्याची पद्धत आहे आणि त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, कामगिरीवर मिळणारा बोनस असे सगळे धरलेले असते. जर्मन कार्यालय पाहते तो करारात पक्का लिहिलेला एकूण पगार. सामाजिक विम्यातील मालकाचा वाटा त्यात येत नाही, आणि कंपनीच्या मर्जीवर किंवा उद्दिष्टे पूर्ण होण्यावर अवलंबून असलेला बोनसही येत नाही. ‘५२,००० युरोंचे पॅकेज’ उघडून पाहिले तर त्यात पक्का पगार ४४,००० असतो, आणि मग ऑफर पुन्हा लिहावी लागते.

दुसरी वाट २०१४ च्या निर्देशाने आखून दिली. समूहांतर्गत बदलीवर येणाऱ्या व्यवस्थापकांना आणि तज्ज्ञांना कमाल तीन वर्षे, प्रशिक्षणार्थींना एक वर्ष. जर्मनीत त्यासाठी आधी किमान सहा महिने त्याच समूहात नोकरी झालेली असावी लागते आणि पगार तिथल्या तशाच कामाच्या माणसापेक्षा कमी चालत नाही. मोठ्या कंपन्यांना ही वाट सोयीची आहे. पण जर्मनीत जिची स्वतःची कंपनी नोंदलेली नाही, त्या कोथरूडच्या पन्नास माणसांच्या कंपनीला ती बंदच आहे, कारण पाठवणारी आणि घेणारी कंपनी एकाच समूहातली असावी ही अट आहे. ‘क्लायंट आमचा दहा वर्षांचा जुना आहे’ या म्हणण्याने समूह तयार होत नाही.

म्हणून लहान कंपन्या तिसऱ्या वाटेकडे वळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जपून चालायला हवे ते याच वाटेवर. जर्मन कायदा दोन गोष्टींत कडक फरक करतो. एखादी कंपनी क्लायंटला ठरलेले काम करून देते, ही एक गोष्ट. आणि ती क्लायंटला माणसे वापरायला देते, ही दुसरी. माणसे पुरवण्यासाठी तिथे वेगळा परवाना लागतो आणि ज्या कंपनीचे हे काम युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (संघाचे देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन यांच्या बाहेरून) चालते तिला तो मिळत नाही. परवानाधारक कंपनीलाही एक माणूस एका क्लायंटकडे साधारणपणे १८ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि नऊ महिन्यांनंतर त्याला क्लायंटच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याइतका पगार द्यावा लागतो. ज्या नोकरीसाठी तिथल्या सरकारी रोजगार संस्थेची संमती लागते, ती नोकरी अशी पुरवठ्याची असेल तर संमती नाकारली जाते.

कागदावर करार कोणता लिहिला आहे, यापेक्षा तिथे रोज काय घडते ते पाहिले जाते. त्या इंजिनिअरला सकाळी काम कोण नेमून देतो? त्याच्या रजेला मंजुरी कोण देतो? तो क्लायंटच्या माणसांच्या रांगेतच बसतो का, त्याचा ई-मेल क्लायंटच्या नावाचा आहे का, क्लायंटच्या टीमच्या ड्युटीच्या तक्त्यात त्याचे नाव लागते का? या प्रश्नांची उत्तरे ‘क्लायंट’, ‘क्लायंट’ आणि ‘हो’ अशी येऊ लागली, की प्रकल्पाच्या कराराआड माणसांचा पुरवठा चालला आहे असे ठरू शकते. करार जर्मन कायद्याखालचा असेल, तर त्या माणसाची नोकरी थेट क्लायंटकडेच असल्याचे मानले जाऊ शकते. हे क्लायंटलाही नको असते, म्हणूनच जर्मन कंपन्यांचे खरेदी विभाग अलीकडे भारतीय पुरवठादारांना असे प्रश्न लेखी विचारतात. पुण्याच्या कंपनीने करावयाची गोष्ट साधी आहे. आपला टीम लीड तिथे किंवा इथे नेमावा, कामाच्या सूचना त्याच्यामार्फतच जाव्यात, रजा आपणच मंजूर करावी, आणि हे सर्व तारखेसह लिहून ठेवावे.

भोसरीत यंत्रे बनवणाऱ्यांसाठी मात्र एक स्वतंत्र सोय आहे. यंत्र विकले आणि ते बसवायला, चालू करून द्यायला किंवा दुरुस्त करायला आपला फिटर पाठवायचा असेल, तर बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंतच्या अशा कामाला रोजगार संस्थेची संमती लागत नाही. तिला आधी कळवावे मात्र लागते आणि व्हिसाही लागतोच.

अर्जाच्या पायरीवर कंपनीला एक उपयोगी साधन मिळाले आहे. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या कुशल कामगार स्थलांतर कायद्याने जलद प्रक्रिया आणली. तीत कर्मचाऱ्याचे कुलमुखत्यारपत्र घेऊन कंपनीच जर्मनीतील परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते आणि ४११ युरो शुल्क भरते. मग पदवीची मान्यता, रोजगार संस्थेची संमती आणि वकिलातीतील भेटीची वेळ या तिन्हींना मुदती लागतात. रोजगार संस्थेने एका आठवड्यात उत्तर दिले नाही तर संमती मिळाली असे धरले जाते. दुसरीकडे एक दार बंद झाले आहे. व्हिसा नाकारला गेला तर वकिलातीकडेच फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करण्याची पद्धत होती, ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद करण्यात आली. आता उरतो तो नवा अर्ज किंवा न्यायालय. त्यामुळे हुद्द्याचे नाव ऑफर लेटरमध्ये एक, अर्जात दुसरे आणि अनुभवाच्या दाखल्यावर तिसरे, असा ढिसाळपणा आता परवडत नाही.

आता त्या फाइलीकडे येऊ, जी कपाटात गेली होती. जर्मनीच्या निवास कायद्यानुसार परदेशी माणसाला कामावर ठेवणाऱ्या कंपनीवर तीन कर्तव्ये आहेत. त्याच्याकडे या कामाची परवानगी आहे का हे स्वतः तपासणे, परवान्याची प्रत तो नोकरीत असेपर्यंत जपून ठेवणे, आणि नोकरी मुदतीआधी संपली तर ते कळल्यापासून चार आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणे. यातले पहिले सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त फसवते.

एका फाइलीत हे मी जवळून पाहिले. इंजिनिअरचे निवास कार्ड प्लास्टिकचे, एटीएम कार्डाएवढे. त्यावर फोटो आणि वैधतेची तारीख. कंपनीच्या एचआरने त्याच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या होत्या आणि तारीख दोन वर्षे पुढची होती, म्हणून सर्व ठीक आहे असे मानले होते. त्याची बदली समूहातल्याच दुसऱ्या कंपनीत झाली. इमारत तीच, मजला तोच, पगारपत्रकावरचे कंपनीचे नाव तेवढे बदलले. तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर मी त्याला विचारले, कार्डाबरोबर एखादा घडी घातलेला हिरवट कागद मिळाला होता का? त्याने पासपोर्टच्या कव्हरमधून तो काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर जर्मन भाषेत दोन ओळी होत्या: अमुक कंपनीत, अमुक हुद्द्यावर काम करण्यास परवानगी. नाव जुन्या कंपनीचे होते. त्याचा परवाना ब्लू कार्ड नव्हता, पदवीधर कामगारांचा साधा परवाना होता, आणि नवी कंपनी म्हणजे कायद्याने नवा मालक. बदलाची परवानगी येईपर्यंत त्याला काम थांबवावे लागले. कंपनीने त्या काळाचा पगार दिला, हे तिने योग्यच केले. पण तीन आठवडे विनापरवाना काम झाले ते झालेच. जर्मनीत काम करण्याची परवानगी नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवल्यास मालकाला ५,००,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा दंड प्रत्येकाला होत नाही, पण कायद्याने वरची मर्यादा तिथे ठेवली आहे. तेव्हापासून मी कार्डाबरोबर तो हिरवट जोडकागद फाइलीत लागलेला पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

परवाना मालकाच्या नावाला असा बांधलेला असतो, हे चित्र हळूहळू बदलत आहे, आणि कंपन्यांच्या दृष्टीने मला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो. ब्लू कार्डधारकाला पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर ते कार्यालयाला कळवावे लागते आणि कार्यालय तो बदल ३० दिवस रोखून तपासू शकते. त्यानंतर मात्र तो मोकळा असतो. जर्मनीत २७ महिन्यांनी त्याला कायम निवासाचा परवाना मिळू शकतो, आणि जर्मन भाषेची बी-१ ही मध्यम पातळी असेल तर २१ महिन्यांतच. ब्लू कार्डाबाहेरच्या कामगारांसाठी, म्हणजे इलेक्ट्रिशियन, नर्स, तंत्रज्ञ अशांसाठी, २०२४ मध्ये एकल परवान्याचा, म्हणजे काम आणि निवास या दोन्हींसाठीच्या एकाच परवान्याचा, नवा निर्देश आला आणि तो देशांच्या कायद्यात उतरवण्याची मुदत २१ मे २०२६ ही ठेवण्यात आली. त्यानुसार अर्जाचा निर्णय ९० दिवसांत व्हायला हवा. कामगाराला मालक बदलण्याचा हक्क आहे. पहिल्या मालकाकडे राहण्याची सक्ती एखाद्या देशाने ठेवलीच तर ती सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये. आणि नोकरी गेली तर किमान तीन महिने, परवाना दोन वर्षांहून जुना असेल तर सहा महिने, त्याला नवे काम शोधण्यासाठी देशात राहता येते. नोकरी गेली की लगेच परतीचे तिकीट काढावे लागेल, ही ज्या माणसाला भीती असते तो कमी पगार, जास्त तास, अपमान सगळे सोसतो. ती भीती कायद्याने कमी केली, हे मला मनापासून योग्य वाटते.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे बाँड. व्हिसा, तिकीट, एजंटचे कमिशन यांवर झालेला खर्च दाखवून ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास इतके लाख परत’ असे लिहून घेतले जाते. जर्मन कायद्याखालच्या नोकरीत हे फारसे टिकत नाही. २०२३ च्या जून महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने निकाल दिला, की माणूस शोधून देणाऱ्या एजन्सीला कंपनीने दिलेले कमिशन, नोकरी लवकर सोडली म्हणून कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याचे छापील कलम अवैध आहे. भरतीचा खर्च हा मालकाचा धोका आहे, तो कर्मचाऱ्यावर ढकलता येत नाही, असा त्याचा आशय. जे प्रशिक्षण कायद्याने मालकाला देणे भाग आहे त्याचा खर्चही, २०१९ च्या पारदर्शक कामाच्या अटींच्या निर्देशानुसार, कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. माणूस टिकवायचा असेल तर पगार, घर शोधायला मदत, जोडीदाराच्या परवान्यासाठी मदत, भाषेचे वर्ग, हीच साधने हाती उरतात.

२०१९ च्या त्याच निर्देशामुळे ऑगस्ट २०२२ पासून जर्मनीत नोकरीच्या अटी लेखी देण्याचे नियम कडक झाले. पगार आणि कामाचे तास या मूळ गोष्टी पहिल्याच दिवशी लेखी हातात द्याव्या लागतात आणि चुकल्यास २,००० युरोंपर्यंत दंड आहे. जानेवारी २०२५ पासून हे बहुतेक क्षेत्रांत ई-मेलनेही चालते.

पगाराविषयीचा आणखी एक निर्देश २०२३ चा आहे आणि त्याची मुदत ७ जून २०२६ ठेवलेली आहे. तो स्त्री-पुरुषांच्या समान वेतनासाठी केलेला आहे, पण आपल्या भरतीच्या सवयींना तो थेट हात घालतो. ‘सध्याचा सीटीसी किती, अपेक्षित किती?’ हा आपल्या प्रत्येक मुलाखतीतला पहिला प्रश्न. या निर्देशानुसार उमेदवाराला आधीचा पगार विचारता येणार नाही. उलट सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा कंपनीनेच त्याला आधी सांगायची आहे. एकसारख्या किंवा सारख्याच मोलाच्या कामाला स्त्रियांना आणि पुरुषांना सरासरी किती पगार मिळतो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे आणि उत्तर दोन महिन्यांच्या आत द्यायचे आहे. १५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांचा पहिला अहवाल ७ जून २०२७ पर्यंत अपेक्षित आहे. त्यात एखाद्या गटात पाच टक्के किंवा जास्त तफावत निघाली, तिचे समर्थनीय कारण देता आले नाही आणि सहा महिन्यांत ती दूरही केली नाही, तर कामगार प्रतिनिधींबरोबर बसून पगारांची तपासणी करावी लागेल. पुण्याहून आणलेल्या मुलीला तिच्या भारतातील पगाराच्या हिशेबाने व्हिसाच्या मर्यादेच्या काठावर ठेवायचे आणि शेजारच्या जर्मन सहकाऱ्याला बाजारभावाने, हा व्यवहार अशा अहवालात उघडा पडतो.

कामाच्या तासांचा नियम जुनाच आहे, पण तो आता नोंदींत दिसतो. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार आठवड्याला सरासरी ४८ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि रोज सलग ११ तास विश्रांती. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने स्पष्ट केले, की कामाच्या वेळेची नोंद ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. पुण्यात सकाळी दहाला टीमचा कॉल असतो, तेव्हा हिवाळ्यात स्टुटगार्टमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तोच इंजिनिअर रात्री अमेरिकेच्या क्लायंटबरोबर दहापर्यंत बोलत बसला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी त्याने लॅपटॉप उघडायचा नाही. ‘तो स्वतःहून जॉइन होतो’ हे उत्तर चालत नाही. कॉलची वेळ पुण्यानेच बदलली पाहिजे.

जर्मनीत नेमलेला माणूस महिनाभरासाठी फ्रान्समधल्या ल्योंला क्लायंटकडे गेला, तर आणखी एक कायदा जागा होतो. युरोपीय न्यायालयाने १९९४ मध्येच ठरवले आहे, की एका सदस्य देशातील कंपनीत कायदेशीरपणे नोकरीवर असलेल्या परदेशी माणसाला सेवेसाठी दुसऱ्या सदस्य देशात पाठवताना तिथले वर्क परमिट मागता येत नाही. पण परमिट नको म्हणजे काहीच नको, असे नाही. फ्रान्सच्या ऑनलाइन यंत्रणेत आधी नोंद करावी लागते, तिथे कंपनीचा प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि सामाजिक विमा जर्मनीतच चालू असल्याचा ए-१ दाखला जवळ लागतो. ३० जुलै २०२० पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार त्याला तिथला किमान पगार देऊन भागत नाही. त्या कामाला तिथल्या कायद्याने आणि सर्वांना लागू असलेल्या सामूहिक करारांनी जे वेतन ठरते ते द्यावे लागते. प्रवास, जेवण आणि राहणे यांचा दिलेला खर्च त्या वेतनात धरता येत नाही. मुक्काम १२ महिन्यांच्या पुढे, किंवा कारण कळवून घेतलेल्या १८ महिन्यांच्या पुढे गेला, तर तिथल्या कामगार कायद्याचा जवळजवळ सगळा भाग लागू होतो.

सामाजिक विम्याबाबत भारतातून पाठवणाऱ्या कंपनीला एक दिलासा आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातील सर्वंकष करार मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार भारतीय कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधी इथे चालू असेल, तर त्याला ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यायचे असते. जर्मन कंपनीने थेट नेमलेल्या माणसाला ही सवलत नाही.

छोट्या भेटींचा हिशेबही आता यंत्र ठेवते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेरच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गम नोंद प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात आणि दिवस आपोआप मोजले जातात. नियम १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे, आणि आल्याचा व गेल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. एखादी मॅनेजर १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२६ तिथे राहिली तर तिचे ५० दिवस झाले. ती १ एप्रिलला परत गेली तर तिच्याकडे ४० दिवस उरतात आणि १० मे हा तिचा शेवटचा दिवस. हातातला व्हिसा दोन वर्षांचा असला तरी हे गणित बदलत नाही. बिझनेस व्हिसावर बैठक, वाटाघाटी, पाहणी चालते. क्लायंटच्या प्रणालीत बसून कोड लिहिणे हे काम आहे आणि त्याला कामाचाच परवाना लागतो.

१ जानेवारी २०२६ पासून जर्मनीत आणखी एक लहान कर्तव्य आले आहे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या माणसाशी तिथल्या कंपनीने जर्मनीतील नोकरीचा करार केला, की कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत त्याला लेखी कळवायचे, की कामगार हक्कांविषयी मोफत सल्ला देणारी ‘फेअर इंटिग्रेशन’ ही सरकारी मदतीवर चालणारी सेवा आहे, आणि कामाच्या ठिकाणाजवळच्या सल्ला केंद्राचा ताजा पत्ता व फोन त्यात द्यायचा. त्याचे एक पान पुरते. ज्या फाइली माझ्याकडे येतात, त्यांत आता लॅपटॉपच्या पावतीच्या वर हे पान लागते आणि त्याच्या प्रतीवर नव्या माणसाची तारखेसह सही असते.